कंगव्यातले केस

बाळंतपणानंतर माझे केस पुंजक्यांनी गळू लागले. थोरल्या जाऊबाईंची वेणी मात्र कमरेखाली रुळायची. सकाळी त्या ओट्यावर विंचरायला बसल्या, की माझ्या पोटात दुखायचं.

चैत्रात अंगणातल्या जास्वंदीवर बुलबुल घरटं बांधू लागली. माझ्या कंगव्यातून पडलेले केस ती चोचीत धरून न्यायची. एकदा जाऊबाई ते टक लावून पाहत होत्या, अन् माझा तोल गेला.

“हासा ताई, हासा! तुमची वेणी पाहून माहा जीव जळते. आता पाखरालेही समजलं, कोणाचे केस गळून राह्यले ते!”

त्या हसल्या नाहीत. माझं रडणारं बाळ त्यांनी अलगद उचललं.



“असे केस गळावे म्हून सात वर्सं झाली वाट पाहून राह्यली मी, बाई.”