आरामाला आलेला माणूस

"चार दिवस मी या गादीवरून हलणार नाही. कोण माईचा लाल मला उठवतो तेच बघतो!" असं म्हणत नवऱ्याने हवा भरलेली गादी वाळूवर टाकली, आडवा झाला आणि टोपी तोंडावर ओढली.

"अहो, निदान बनाना बोटीवर तरी बसायला चला," बायको म्हणाली.

"वर्षभर ऑफिसात पळतोच आहे. इथे मी फक्त पडणार. तू जा."

रिसॉर्टचा शिट्टीवाला माणूस व्हॉलीबॉलला येता का, पॅरासेलिंगला येता का, असं विचारून गेला. त्याला उत्तरादाखल घोरणं ऐकू आलं.

भरती मात्र काही विचारत बसली नाही; तिने गादी अलगद उचलली आणि वाऱ्याने ती आत समुद्रात ढकलली. नवऱ्याने डोळे उघडले तेव्हा किनाऱ्यावरची माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. तो दचकून उठायला गेला आणि गादी उलटली. तेवढ्यात बनाना बोट उसळत शेजारून निघाली. वर बसलेली बायको हरखून ओरडली, "अगं बाई, आलात शेवटी!"

त्याने बोटीमागे लोंबणारा दोर घट्ट धरला. नाकातोंडात पाणी जात असताना बोट थांबवा म्हणून तो एक हात हलवायचा; किनाऱ्यावरचे लोक खूश होऊन दोन्ही हात हलवायचे. ठरलेल्या सगळ्या फेऱ्या झाल्यावरच बोट थांबली.

संध्याकाळी रिसॉर्टने त्याला 'सर्वात उत्साही पाहुणा' म्हणून टाळ्यांच्या कडकडाटात बक्षीस दिलं. बक्षीस काय, तर दुसऱ्या दिवशी पहाटे स्कूबा डायव्हिंग, जोडीने.