प्रेरणाच्या पोटाचा तपास

"तुमच्या बहिणीच्या पोटात बाळ नाही, बद्रीनाथ," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "लहान आतड्यात जिवाणू जास्त झालेत, म्हणून पोट फुगतंय. औषधं घेतली, खाणं सांभाळलं की उतरेल."

प्रेरणा रडता रडता हसली. "मी कवाची सांगत व्हते दादा, गॅस हाय!"

बद्रीनाथ हसला नाही. "आसं कसं मॅडम? वाळूजच्या तीन पोरांचे हातपाय मोडले म्या. तिघांनी बी कबूल केलंय, लेकरू माझंच हाय म्हणून."

"अहो, इतकं मारलं तर कुणीही कबूल करेल!"

बद्रीनाथला हे तपासून बघावंसं वाटलं. त्यानं केबिनचं दार आतून लावलं आणि खुर्ची उचलली.

थोड्याच वेळात मॅडमनीही कबूल केलं, लेकरू त्यांचंच आहे.