वॉर्डातली लेक

हॉस्पिटलच्या जेवणघरात टेबलं भिंतीला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. सिस्टरबाई जाऊन महिना झाला होता. त्यांची आठवण काढायला माणसं जमत होती आणि त्यांची लेक दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत होती. ओळखीचं कुणीच नव्हतं.

एक म्हातारा सुतार किंचित लंगडत आला. तिच्याकडे निरखून बघत त्यानं विचारलं, "मग, पडला का शेवटी तो दात?"

"कुठला दात?"

"वरचा, दुधाचा. हलायचा, पण पडायचा नाही. आणि तुम्ही कुणाला दोरा लावू द्यायच्या नाहीत. मांडीचं हाड मोडून तीन महिने पडलो होतो मी इथं. रोज सकाळी सिस्टरबाईंकडे पहिली चौकशी तुमच्या दाताची!"

लेक काही बोलायच्या आत मागून एक बाई हसत पुढे आल्या. निवृत्त शिक्षिका. "आणि भागाकार? तो जमतो ना आता? अगं, मला एकशे तीन ताप, आणि तुझी आई थर्मामीटर झटकत विचारतेय, बाई, बाकी राहिली की पुढचा आकडा खाली कसा घ्यायचा? संध्याकाळी लेकीला शिकवायचंय."

लेक बघतच राहिली. संध्याकाळी आई बूटसुद्धा न काढता वही घेऊन बसायची, ते तिला आठवत होतं. आईला गणित येतं, एवढंच तिला वाटायचं. बाकी आईचं जागेपण वॉर्डाला आणि झोप तेवढी घराला, हे तिचं लहानपणापासूनचं गाऱ्हाणं. एकदा ती आईच्या तोंडावर म्हणालीही होती, "पेशंटच तुझी लेकरं." आई नुसती तिची वेणी घालत राहिली होती.

"तू ऐक माझं," वॉर्डातल्या जुन्या मावशींनी तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं. "सिस्टरबाई ड्युटीवर चढायच्या आधी बेसिनपाशी हात धुवायच्या आणि ओलेच हात जोडायच्या. देवाशी बोलणं कसं, तर मोठ्या डॉक्टरांशी बोलावं तसं. 'आज कुणाला बोलावू नकोस. बोलवायचंच असेल तर आधी मला विचार.'"

आजूबाजूला हशा पिकला.

"आणि शेवटी तुझं नाव. तुझ्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेला तर अख्ख्या वॉर्डाला प्रार्थनेला बसवलं होतं. एकाचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये. त्याला म्हणाल्या, तू नुसते डोळे मीट, देवाला चालतं."

आता मात्र लेकीला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही.

मोठे डॉक्टर उठले. सेवा, निष्ठा, चाळीस वर्षं असं चार वाक्यांत बोलले आणि त्यांनी लेकीला पुढे बोलावलं. ती उभी राहिली. समोर पन्नासएक माणसं. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या कानात यंत्र. सगळी पुढे वाकून तिच्याकडे बघत होती. पाहुण्याकडे बघतात तशी नव्हे, सासरहून आलेल्या मुलीकडे बघतात तशी.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "आई रोज मला घरी ठेवून इथं येते."

पुढचं तिला बोलता येईना.

पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"भाषण राहू दे गं. ये, इथं बस," त्या म्हणाल्या. "आणि पुढं काय काय झालं ते सगळं सांग. डिस्चार्ज मिळाल्यापासून आम्हाला काहीच कळलं नाही."