रिकामी जागा

शाल्मलीच्या सौरशिडाचा नमुना दिव्याच्या प्रकाशात वळला आणि टाळ्या पडल्या. सूर्यप्रकाशाच्या दाबानं यान ढकलणाऱ्या या शिडाच्या एका काठाच्या पट्ट्या काळ्या केल्या की प्रकाशाचा दाब असमान होतो आणि अंतराळयान वळतं. त्यामुळे वळणासाठी मी बनवलेलं छोटं इंजिन आराखड्यातून गळलं.

आमच्याकडे नव्या रचनेत खोट काढायचं काम ती रचना न पटलेल्या माणसालाच देतात. मी ते हौसेनं घेतलं.

बैठकीत म्हणालो, “यान गरगरलं तर पट्ट्या त्याला वेळेत सावरणार नाहीत.”

“मग, सर?” शाल्मलीनं विचारलं.

“इंजिन लागेल.”

तिनं आराखडा पुढे सरकवला. कोपऱ्यात माझ्या इंजिनाच्या मापाची जागा रिकामी होती. “हे तुम्हीच म्हणायला हवं होतं. मी म्हटलं असतं, तर ती दया ठरली असती.”

मला तिचा आणखीच हेवा वाटला.