ऐकणारी माती

तिसरीच्या हस्तकलेच्या तासाला माळवदेबाई मोजूनमापून बोलत. बाकांवरची माती ऐकणारी होती. कानावर पडेल ते ती खरं करून दाखवी. थट्टा तेवढी तिला कळत नसे. मागल्या वर्षी शिपायाने एका पोराला नुसतं "कान उपटीन" म्हटलं होतं. त्या पोराला आता एकाच बाजूने ऐकू येतं.

"आधी विचार, मग शब्द, मग वस्तू," बाई शिकवत.

"चिमण्यांसाठी पसरट वाडगा हो. काठ जाड," रेवण म्हणाला, आणि त्याच्या मातीचा वाडगा झाला.

तेवढ्यात त्याचा विसरलेला डबा घेऊन आजोबा दारात आले. गावाकडचे, खणखणीत आवाजाचे.

"काय बाई, कार्टं छळतं की नाही? खुशाल तंगडं मोडा त्याचं!"

सगळ्या बाकांवरची माती सरसर खाली उतरली आणि रेवणच्या पायाला गुडघ्यापर्यंत गुंडाळली.

"थांब!" बाई किंचाळल्या. माती थांबली नाही. ज्याचा शब्द, त्यानेच तो फिरवायचा.

"आजोबा, 'सोड' म्हणा! दुसरं काही बोलू नका!" रेवण कळवळला.

मातीचा पीळ आवळत चालला. आजोबांच्या हातातला डबा खणकन पडला. 'सोड' म्हणायलाच त्यांनी तोंड उघडलं होतं, पण घाबरल्यावर जन्मभर जे तोंडून निघालं, तेच आधी निघालं.

"अगं आई गं, मेलो!"

रेवणचा पाय मोकळा झाला. माती आजोबांकडे वळली.