ठिबकचा नवा लेखक

शेवटचं प्रकरण वाचून वडिलांनी लाल पेन्सिल टेबलावर ठेवली. आपटली नाही, आपटण्याइतका जोर हातात उरला नव्हता.

“जमलंय लेकाच्याला,” ते म्हणाले.

‘ठिबक’ हे अंतराळयान त्यांनी अकरा पुस्तकं उडवलं होतं. ग्रहोग्रही गळके नळ दुरुस्त करत फिरणारं आणि स्वतः सतत गळणारं. त्याच्या कप्तानाला उंचीची भीती. अकरा पुस्तकांत तो एकदाही खिडकीपाशी गेला नव्हता, आणि वाचक पोट धरधरून हसले होते.

बाराव्या पुस्तकाआधी वडिलांना मेंदूचा झटका आला. जुनं सगळं पाठ राहिलं, पण सकाळचं दुपारपर्यंत पुसलं जाऊ लागलं. नाश्ता झाला की नाही, यावरून रोज वाद. लिहायला बसले की पहिल्याच ओळीशी अडत. शेवटी त्यांनी प्रकाशकांना सांगून टाकलं, मी संपलो, कुणाकडूनही लिहून घ्या.

पंधरा दिवसांनी मुलीने सांगितलं, नवा लेखक मिळालाय. ओळखीतला आहे, कुणाला भेटत नाही, पानं माझ्याकडेच पाठवतो.

बाकी सगळं विसरणारे वडील एवढं मात्र विसरले नाहीत, की आपल्या जागी दुसरा कुणी बसलाय.

मुलगी न्यायालयात लघुलेखक होती. सकाळी त्यांची दाढी आणि चहा चालू असताना ती वही घेऊन जवळ बसे. वडिलांची बडबड चालूच असे, शेजाऱ्यांच्या कुत्र्यापासून शनीच्या कड्यांपर्यंत. काय लिहितेस, असं विचारलं की ती म्हणे, औषधांच्या वेळा. लघुलिपीतल्या त्या रेघा पाहून ते म्हणत, यावरून कोंबडी चालून गेलीय.

संध्याकाळी ती कामावरून येताना नव्या लेखकाची टंकलेली पानं आणी. वडील लाल पेन्सिल घेऊन त्यांवर तुटून पडत. कप्तान असं बोलणारच नाही, हा विनोद दोन ओळी आधी संपायला हवा. समास लाल होऊन जात. कधी मध्येच हात थांबे.

“माझ्या डोक्यातलं याला कसं कळतं?”

“तुमची पुस्तकं वाचून मोठा झालाय,” ती म्हणे.

आज शेवटचं प्रकरण होतं. निवृत्तीच्या दिवशी कप्तान डोळे घट्ट मिटून खिडकीपाशी जातो, हळूच एक डोळा उघडतो आणि त्याला कळतं, अंतराळात खाली असं काही नसतंच.

“हे मला सुचायला हवं होतं,” वडील म्हणाले. मग तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “खरं सांग. तुला कोण जास्त आवडतो? मी का तो?”

तिच्या ओठांवर आलं होतं. पण शेवटच्या पानावर अजून पेन्सिल फिरायची होती. उद्या, तिने ठरवलं.

“चहा गार होतोय,” ती म्हणाली.

सकाळी ते उठले नाहीत.

लोक येऊन गेले. तिने उरलेली औषधं दुकानात परत दिली, चष्मा पुसून डबीत ठेवला. रोज दोन कप चहा होत राहिला. दुसरा ती मोरीत ओतत असे, कप विसळत असे आणि कामावर जात असे.

महिन्याभराने प्रकाशक आले. वडिलांची खुर्ची सोडून दुसरीवर बसले.

“मुखपृष्ठ छापायला जातंय. त्या माणसाचं नाव तरी सांग. का तोही कप्तानासारखा खिडकीपाशी येत नाही?”

ती हसली नाही. तेही गंभीर झाले. म्हणाले, जाण्याच्या आदल्याच दिवशी तुझ्या बाबांचा फोन आला होता. हा माणूस मला पुसून टाकणार, म्हणाले.

ती उठली आणि वही घेऊन आली. पहिल्या पानावरच्या रेघांवर बोट ठेवून, न्यायालयात वाचतात तशा सपाट आवाजात तिने वाचलं, “सोमवार, सकाळी साडेसात. बाबा, दाढी करताना. ‘ठिबक पुन्हा गळू लागलं, तेव्हा कप्तान पलंगाखाली होता.’”

बाराव्या पुस्तकाचं ते पहिलं वाक्य होतं. प्रकाशकांनी चष्मा काढला.

तिने वही मिटली आणि रिकाम्या खुर्चीकडे वळली.

“तुम्ही, बाबा. तो कुणी नव्हताच.”