तिसरी होडी

"अहो, आज माझी चतुर्थी आहे," मी म्हटलं.

"मग बरंच. होडीत कुणी जेवायला वाढत नाही," हे म्हणाले आणि माझ्या हातात सुकाणू दिलं.

धरणावरच्या आमच्या क्लबात या प्लायवूडच्या शिडाच्या होड्या एकेकाळी चाळीस होत्या. कारकून, मास्तर अशी माणसं त्या घरच्या पडवीत स्वतः बांधायची. पुढे फायबरच्या तयार होड्या आल्या आणि आमच्या उरल्या तीन. वार्षिक शर्यतीत तीन सुटल्या नाहीत तर हा प्रकार क्लबाच्या यादीतून काढायचा, असा नियम आहे. तिसरीच्या मालकांचा गुडघा बदललेला. म्हणून मी.

यांच्या पुढ्यात बसून मी बरीच वर्षं शीड ओढलंय, पण सुकाणू नवं. मनात नाम घेत सावकाश निघाले. पुढे वळायच्या तरंगत्या पिंपाशी हे आणि दुसऱ्या होडीतले सबनीस एकमेकांना घासले.

"वाट माझी होती, लेका!"

"तीस वर्षं तुझीच असते!"

दोघांनीही तक्रारीचे लाल रुमाल फडकवले. मी बाजूने गेले.

किनाऱ्यावर दोघांनी आपली बाजू इतकी मुद्देसूद मांडली, की पंचांना दोघांचंही पटलं. दोघेही बाद झाले. चषक मला मिळाला.

"वहिनी, अभिनंदन," सबनीस जमिनीकडे बघत म्हणाले.

आम्ही घरी निघालो. अर्ध्या रस्त्यात हे म्हणाले, "पुढच्या वर्षी मी त्या पिंपाला लांबूनच वळणार."

आमच्या होड्यांना पुढचं वर्ष आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.